पाटणादेवी: केदारकुंड ‘दहा मिनिटांवर’ नाही

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला निघताना आम्हाला सांगितलं होतं, “देवळापासून केदारकुंड दहा मिनिटं. चपलांवर गेलात तरी चालेल, आईंनाही घेऊन जा.” प्रत्यक्षात धबधब्याच्या त्या कुंडापर्यंत पोहोचायला पन्नास मिनिटं लागली, ओढा चार वेळा ओलांडावा लागला आणि परतताना दुसऱ्या उतारावर, म्हणजे ओढा ओलांडायच्या दुसऱ्या जागी, माझी दहा वर्षांची भाची पाण्यात पडली. दादाने तिचं मनगट धरलेलं होतं म्हणून ती आज घरी आहे. पावसाळ्यात जळगाव-धुळ्याहून दर रविवारी कितीतरी कुटुंबं लेकराबाळांना घेऊन तिथे जातात, आणि त्यांनाही हेच सांगितलं जात असणार. म्हणून लिहिते आहे.

आम्ही पाच जण होतो: आई, दादा, वहिनी, भाची आणि मी. जळगावातून कुठेतरी हिरवं बघायला जायचं, झाडाखाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायची आणि संध्याकाळी परत यायचं, इतकाच बेत होता. जळगाव ते चाळीसगाव रेल्वेने नव्वदेक किलोमीटर. एक्सप्रेसने तास-सव्वातास लागतो. पाचोरा, कजगाव, वाघळी करत कपाशीच्या शेतांमधून गाडी जाते आणि श्रावणात तो रस्ता डोळ्यांना गार वाटतो. प्रवास छान झाला, त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

चाळीसगावहून पाटणादेवी साधारण अठरा किलोमीटर. एसटी मिळाली तर एसटीनेच जा. स्टेशनात उतरल्यावर आधी बसस्थानकावर जाऊन चौकशी करा, आणि जायच्या गाडीआधी परतीच्या गाडीची वेळ विचारा. आम्ही तो आळस केला आणि स्टेशनबाहेरची रिक्षा ठरवली. जाऊन-येऊन आठशे, तिथे चार तास थांबायचं, असं बोलणं झालं. संध्याकाळी भिजलेलं लेकरू घेऊन आम्ही रिक्षाजवळ आलो तेव्हा आकडा दीड हजारावर गेला होता. पाऊस झाला, वेळ जास्त झाला, परतीचं भाडं बुडालं, अशी कारणं पुढे आली. आम्ही फक्त वीस मिनिटं उशिरा आलो होतो. आई थंडीने कुडकुडत होती, घासाघीस करण्याचं त्राण कुणातच उरलं नव्हतं. तेराशे दिले. पैशांपेक्षा राग याचा आला की आमची अवस्था बघून भाव वाढला. तुम्ही रिक्षा केलीत तर रक्कम, थांबण्याचे तास आणि जास्तीच्या तासाचा दर, तिन्ही गोष्टी बसण्याआधी मोबाइलवर लिहून समोरच्याला वाचून दाखवा. अर्धे पैसे परत आल्यावरच द्या. स्वतःची गाडी असेल तर हा प्रश्नच येत नाही, पण तिथे गाडी लावायचे पैसे मागणाऱ्याकडून छापील पावती घ्या. आमच्या शेजारच्या गाडीवाल्याकडून एकाने पन्नास घेतले, आणि पावती मागितल्यावर मुकाट्याने वीस परत केले.

या गोष्टीचा मला विशेष त्रास झाला, कारण हे गाव कर आणि दाम दगडावर कोरून ठेवणारं गाव आहे. पाटण म्हणजे भास्कराचार्यांच्या परंपरेचं ठिकाण. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचा सिद्धांतशिरोमणी हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. त्या मठाला इथल्या निकुंभ घराण्याच्या राजांनी दान दिलं, त्याचा शके 1128 चा, म्हणजे इसवी सन 1206-07 च्या सुमाराचा शिलालेख इथे आहे. 1865 साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा कोणता हिस्सा मठाला द्यायचा, हे मात्र त्या काळच्या मराठीत लिहिलं आहे, बाजारातल्या माणसाला कळावं असं. आठशे वर्षांपूर्वी जे जमलं ते आज एका पत्र्याच्या पाटीवर जमायला हवं. रिक्षाचा दर, वाहनतळाचा दर आणि ओढ्याच्या पाण्याची खूण, एवढं लिहिलेली एक पाटी तिथे लागली पाहिजे.

चंडिकादेवीचं, म्हणजेच पाटणादेवीचं, देऊळ सुंदर आहे. काळ्या दगडाचं, उंच जोत्यावरचं, आत गारवा. तिन्ही बाजूंनी सातमाळा रांगेचे डोंगर. आईने तिथे तास-दीड तास आनंदात काढला. तुमच्याबरोबर गुडघे दुखणारं कुणी असेल तर त्यांच्यासाठी इथपर्यंतची सहल खरोखर निवांत आहे. आईला आम्ही देवळातच बसवलं, आणि हा त्या दिवसातला आमचा सर्वांत शहाणा निर्णय ठरला.

आता वाट. सुरुवातीचा भाग सपाट आहे, साग आणि अंजनाची झाडं, पाऊलभर चिखल. इथेच माणूस फसतो, कारण पंधरा मिनिटं सगळं सोपं चालतं. मग पायवाट ओढ्याला जाऊन भिडते आणि पुढे वाट म्हणजे ओढाच. कधी या काठाने, कधी त्या काठाने, मध्ये गोट्यांवरून. पहिला उतार घोट्याइतका. दुसरा वाईट. तिथे पात्र अरुंद होतं, दोन्हीकडे खडक, मधे डोक्याएवढे गोटे आणि त्यांच्या खालच्या अंगाला कमरेइतका डोह. गोटे वरून कोरडे दिसतात. मी वाकून एकावर तळवा ठेवला तर साबणाच्या वडीवर ठेवल्यासारखा सरकला. हिरवं शेवाळ दिसतं तरी. हे काळं होतं, दगडाच्याच रंगाचं, आणि डोळ्यांना अजिबात कळत नव्हतं. वहिनीच्या पायात साध्या रबरी चपला होत्या. त्या काढून ती अनवाणी गेली, तेव्हा कुठे पाय टिकला. जाताना पाणी गुडघ्याखाली होतं, स्वच्छ होतं, तळाची वाळू दिसत होती. आम्ही हसत खेळत पार झालो.

कुंड बघितलं. वरून पांढरी धार कोसळते, तुषार अंगावर येतात, बोललेलं ऐकू येत नाही. भाची टाळ्या वाजवत होती. माझा सगळा शीण तिथे उतरला, हे मी नाकारत नाही. त्या आनंदातच आम्ही अर्धा तास जास्त थांबलो, आणि ते चुकलं.

आमच्या डोक्यावर ऊन होतं. वरच्या अंगाला, कन्नडच्या बाजूला, आभाळ काळं झालं होतं, पण ते लांबचं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. ही जागा समजून घ्यायची तर एवढं लक्षात ठेवा: डोंगराच्या माथ्यावर कन्नड तालुक्याचं पठार आहे, खाली खानदेश. पठारावर पडलेला पाऊस या दऱ्यांमधून थेट तुमच्या अंगावर येतो. तुमच्यावर थेंबही न पडता ओढा भरतो. या दऱ्यांचं पाणी डोंगरी नदीने चाळीसगावला जातं आणि तिथे तितूरला मिळतं. 31 ऑगस्ट 2021 ला याच डोंगरांवरच्या एका रात्रीच्या पावसाने चाळीसगावच्या बाजारपेठेत पाणी शिरलं आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. आमच्या घरातल्या सगळ्यांना ते आठवत होतं. तरी ओढ्यात उभं असताना एकाच्याही डोक्यात ते आलं नाही.

परतताना काठावर शेळ्या हाकणारे एक बाबा भेटले. त्यांनी आमच्याकडे न बघता वरच्या आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, “ताई, खाले चाला आते. वर पानी पडी राह्यनं.” आम्ही पावलं उचलली. दुसऱ्या उताराजवळ आलो तेव्हा पाण्यावर सागाची सुकी पानं आणि फेसाचे पुंजके वाहत येत होते. पाणी अजून फार वाढलं नव्हतं, पण तळाची वाळू दिसेनाशी झाली होती. जाताना ज्या गोट्यावर मी हात ठेवला होता, तो शोधला. त्याचं फक्त टोक उरलं होतं. दादा म्हणाला, “थांबायचं नाही, आत्ताच.” आम्ही चौघांनी एकमेकांची मनगटं धरली आणि आडवे निघालो. मधोमध भाचीचा पाय सरकला, ती बसली, पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. दादाने ओढून काढली. तिचा एक सँडल गेला. पहिल्या उताराशी आलो तर घोट्याइतकं होतं ते गुडघ्याला लागलं. काठावर चढून वळून बघितलं तेव्हा ओढा चहाच्या रंगाचा झाला होता आणि आवाज बदलला होता, खडखड जाऊन घरघर आली होती. पाण्याचा रंग स्वच्छ असतानाच निघा, तो बदलेपर्यंत थांबू नका.

माझं स्पष्ट मत ऐका. जुलै-ऑगस्टमध्ये केदारकुंडाला लहान मुलं नेऊ नका. मोठ्यांनी जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत वाट धरा आणि बारापर्यंत ओढ्याबाहेर या. कन्नडकडचं आभाळ काळं असेल तर देवळातूनच परत फिरा, कुंड कुठे जात नाही. पायात खाचांच्या तळव्याचे बूट हवेत, ते ओले होणार हे धरून चाला. चपला, गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज, दोन्ही बाद. हातात काठी असू द्या आणि प्रत्येक पावलाआधी गोट्यावर टेकवून बघा. भाचीला पाठुंगळी घेऊन ओढ्यात उतरायचा विचार दादाच्या मनात आला होता. तो पडला असता तर दोघं गेली असती. मुलाला उचलू नका, मनगट धरा. माझ्या फोनची रेंज देवळाच्या अलीकडेच गेली होती, तेव्हा मागे राहणाऱ्यांना परतीची वेळ सांगूनच निघा. आई साडेतीनपासून देवळाच्या पायरीवर उभी होती, आम्ही पावणेपाचला आलो.

हे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, 1986 सालचं, दोनशे साठ चौरस किलोमीटरचं. बिबट्याचा वावर आहे. अंधार पडण्याआधी बाहेर पडा, आणि माकडांसमोर पिशवी उघडू नका.

“पाटणादेवीहून पितळखोरा लेणी जवळच आहेत” असंही सांगतील. नकाशात जवळ आहेत, पण मधे दरी आहे. चालत जायचं तर तो स्वतंत्र दिवसाचा ट्रेक, वाट माहीत असलेल्या गावकऱ्याशिवाय नाही. गाडीने जायचं तर कन्नड घाट चढून वरच्या अंगाने जा. दोन्ही एका दिवसात बसवू नका.

ओढ्याऐवजी काय करायचं, तर देवळाच्या अलीकडे हेमाडपंती महादेव मंदिर आहे तिथे जा. कोरीव खांब, शांतता, गर्दी नाही. आमच्या दशम्या शेवटी तिथेच सुटल्या, भाची दादाच्या कोरड्या शर्टात गुंडाळलेली, आणि त्या दशम्यांइतकं चवदार मी कित्येक महिन्यांत खाल्लं नव्हतं. पाय धडधाकट असतील आणि दगड कोरडे असतील तर तिथून कण्हेरगडाची चढण आहे, वाटेत सीतेची न्हाणी आणि नागार्जुन ही लेणी. आम्ही गेलो नाही, कुणाच्यात जीव नव्हता. परतीच्या गाडीला वेळ असला तर चाळीसगाव स्टेशनजवळच कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे. पन्नासेक वर्षं त्या माणसाने तिथेच राहून छायाचित्रं काढली. पावसाने देवळाची वाट बंद झाली तर तेवढ्यासाठीसुद्धा चाळीसगावला उतरा.

श्रावणातले रविवार आणि नवरात्र टाळा. पाऊस ओसरल्यावर, आठवड्यातल्या मधल्या वारी जा. आम्ही तेव्हाच परत जाणार आहोत, भाचीला आत्ताच नवे बूट घेतलेत. मापाला एक नंबर मोठे घ्या, ओल्या मोज्याने पाय फुगतो.