खंडवा रोडवर हँगर तुटला

आज चोरलहून इंदूरला सायकलने परतताना घाटाच्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला आणि मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) थेट स्पोक्समध्ये घुसला. कटकन आवाज, चाक जाम. बघतो तर हँगर तुटलेला.

हँगर म्हणजे डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो ॲल्युमिनियमचा चिमुकला तुकडा. तो मुद्दामच नरम ठेवतात. धक्का बसला की तो तुटावा आणि फ्रेम वाचावी. कल्पना उत्तम, पण बहुतेक फ्रेमचा हँगर वेगळ्या आकाराचा, आणि खंडवा रोडवर तो मिळणार कुठे? (कंपन्यांनी सगळ्यांसाठी एकच माप ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं, देव जाणे.)

सायकल ढकलत वर आलो. ट्रकची पंक्चर काढणाऱ्याच्या टपरीवर बसून डिरेलर काढला, चेन तोडायचं हत्यार बॅगेत होतंच. खरी कसरत पुढे. डिरेलर नसला की चेनला ताण द्यायला काही उरत नाही. म्हणून पुढच्या चक्राच्या सरळ रेषेत येणारं मागचं चक्र निवडायचं आणि चेन तेवढीच आखूड करायची. जरा तिरकी गेली की ती उड्या मारते. पंक्चरवाल्याने चाक धरलं, पक्कड दिली आणि शेवटी म्हणाला, "लो भिया, अब हो गई ना हमारे वाली जैसी!" पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला.

सिमरोल, तेजाजी नगर, घर. एकाच गिअरवर, मांड्या बोंबलत.

आता दोन हँगर मागवतोय, एक कायम बॅगेत. वाकलेला डिरेलर नीट सरळ करून देणारा इंदुरात कुणी माहीत आहे का?