शेतकऱ्याच्याच लेकरांना शेती कशाला शिकवता?

पालकसभेत विचारतात, नातेवाईक विचारतात, बदलून आलेले सहकारी पण विचारतात. घरी सोयाबीन-तूर पिकवणाऱ्यांची चौथीची लेकरं, जन्मापासून शेतातच आहेत, त्यांना इंग्रजी शिकवा की मॅडम! तर एकदा सांगतेच. आमच्या मराठवाड्यात चौथीच्या लेकराच्या वाट्याला शेळ्या राखणं आणि शेतात भाकरी पोचवणं एवढंच येतं, बियाणं कुठलं, किती पेरायचं हे त्याला कोण विचारतंय?

दर एप्रिलला आम्ही उगवण चाचणी घेतो. घरचं सोयाबीन आणायचं, न निवडता १०० दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्यानं मोजायचं. ७० उगवले तर एकरी ३० किलो बी पुरतं, त्याखाली टक्क्यामागे अर्धा किलो वाढवायचं, आणि ६० च्या खाली गेलं तर ते पेरायचंच नाही. शेकडेवारी लेकरांना इथंच कळते, फळ्यावर नाही.

एका वर्षी एका मुलीची गुंडाळी उघडली. फुगलेले पण मोड न आलेले दाणे ती बोटानं हळूच उगवलेल्यांच्या ओळीत सरकवत होती. मी म्हटलं, परत मोज. ५२ निघाले. ती रडली नाही, नुसती विचारत राहिली, मॅडम, बाबांना सांगायचं का? मी सोयाबीनची साल पातळ असते, मळणीयंत्र जोरात फिरलं की दाणा आतून फुटतो, वरून दिसत नाही, सगळं समजावलं, पण तिचा प्रश्न तो नव्हताच. बी विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून तर ते पोतं राखलं होतं.

दुसऱ्या दिवशी वडील आले. आवाज चढवला नाही. "मॅडम, पोरीनं माझं बी नापास केलं," म्हणाले, "आता उधारी कुणाकडं मागू?"

सुरुवातीला मला वाटायचं, लेकरांना मातीची गोडी लागावी म्हणून हे करायचं. आता गोडीबिडी मी म्हणत नाही. तिनं शेती करावी असंही माझं म्हणणं नाही, खुशाल नर्स होऊ दे. पण जूनमधे दुबार पेरणी करण्यापेक्षा एप्रिलमधे कळलेलं बरं, हे मी त्या माणसासमोरही बोलले आणि आजही बोलते. नऊ वर्षांच्या पोरीनं तो आकडा घरी न्यावा का, यावर मात्र माझं माझ्याशीच अजून भांडण चालू आहे. त्यांनी नवी बॅग घेतली की तेच बी पेरलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.