रोख्याच्या मागे जाणारा न्यायाधीश

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला. गॅदरिंग, सहली आणि छड्या हे विषय बाकीचे माजी विद्यार्थी संपवणारच. मी पडलो तालुक्याच्या कोर्टातला वकील, तेव्हा लिहितो न्यायमूर्ती रानड्यांवर. त्यांची गाठ इतिहासाच्या सरांनी घालून दिली, त्यामुळे सरही येणारच.

पुस्तकात दख्खनच्या दंग्यांना जेमतेम एक परिच्छेद होता. 12 मे 1875, सुपे, शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, जाळले. दोन गुणांची टीप. आमच्या भागात सुपं कोणाला सांगावं लागत नाही, त्यामुळे वर्ग जरा सावरून बसला. सरांनी विचारलं, "माणसांना फारसा हात न लावता लोक वह्या आणि रोखेच का शोधत होते?" कोणी बोलेना. मग त्यांनी खडू घेतला आणि इतिहासाच्या तासाला व्याजाचं गणित मांडलं.

मुद्दल 100 रुपये, व्याज दरमहा शेकडा 2. तीन वर्षांत व्याज 72. मुदतीच्या कायद्यानुसार तीन वर्षांनंतर साध्या रोख्यावर दावा चालायचा नाही, म्हणून सावकार त्याआधीच नवा रोखा करून घ्यायचा. नव्या रोख्यात 172 हे सगळंच मुद्दल. पुढच्या तीन वर्षांनी 295, मग 508, बारा वर्षांनी 875. आणे-पै सरांनी सोडून दिले होते. व्याज मुद्दलाहून जास्त घेऊ नये हा दामदुपटीचा जुना दंडक होताच, पण दर खेपेला मुद्दलच नवं झाल्यावर तो लावणार कशाला? कर्जदाराच्या बचावासाठी केलेली मुदत त्याच्याच गळ्याला लागली. आणि कोर्टात खाली अंगठा असलेला कागद एवढाच पुरावा. समन्स घेऊनही कुळ, म्हणजे कर्जदार, यायचं नाही, दावा एकतर्फी निकाली निघायचा.

दंग्यांची चौकशी झाली आणि 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा खरा धरून न चालता त्याच्या मागे जायचं, हा त्याचा गाभा. पहिल्यांदा हातात किती पडले, कधी पडले, धान्य किती घातलं, सगळा हिशेब मुळापासून उकलायचा; मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, चक्रवाढ बंद. प्रतिवादीला बोलावून त्याचं म्हणणं ऐकायचं. कर्जापायी कैद नाही. झेपत नसेल तर हप्ते बांधून द्यायचे. गणित शिकलेल्या पोराला यातली ताकद लगेच कळते: 875 चा दावा जास्तीत जास्त 200 वर येतो.

पण कायदा राबवायचा कोणी? दुय्यम न्यायाधीशांवर कामाचा ढीग, आणि एकेक हिशेब उकलायला वेळ जातो. इथे रानडे येतात. 1881 पासून ते या कायद्याखाली पुणे आणि सातारा जिल्ह्यांत फिरतीवर होते, 1887 मध्ये विशेष न्यायाधीश झाले आणि 1893 ला हायकोर्टात गेले. मधली काही वर्षं वेगळ्या नेमणुकीची होती, तरी या कामाशी त्यांचा संबंध दीर्घ. गावोगावच्या कोर्टांची दप्तरं तपासायची, निकाल नीट दिलाय की उरकलाय ते बघायचं, चुकला असेल तर दुरुस्त करायचा. डोळे अधू असलेल्या माणसाला हे काम! रमाबाई अनेकदा फिरतीवर सोबत असत. त्याआधी, 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या संशयापोटी सरकारने याच माणसाची धुळ्याला बदली केली होती आणि त्यांची पत्रं फोडली जात होती. तेच सरकार दोन वर्षांत त्यांना शेतकऱ्यांच्या कर्जाचे निकाल तपासायला पाठवतं, याची मला अजूनही गंमत वाटते.

रानड्यांना दयाळू म्हणतात. मला त्या दयेत हळवेपणा कमी आणि चिकाटी जास्त दिसते. कुळाची कीव येऊन कर्ज माफ करणं त्यांच्या हातात नव्हतंच. खरं देणं असेल तर हुकूमनामा सावकाराच्याच बाजूने जाणार. कुळाचं म्हणणं विचारल्याशिवाय मात्र नाही, एवढंच.

कायदा सगळीकडे पुरला असंही नाही. सावकारांनी हात आखडते घेतले, काहींनी गहाणाऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. नुसत्या कोर्टाने हे सुटायचं नाही, शेतकऱ्याला स्वस्त कर्ज मिळालं पाहिजे, हे रानड्यांनी ओळखलं होतं. वेडरबर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने शेजारच्या पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली, तिला त्यांचा पाठिंबा होता. लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती नाकारली. सर हे सांगताना चिडायचे, जणू फाइल कालच परत आली.

खरेदीखताची ती युक्ती अजून मेलेली नाही. पक्षकार येतात, पिशवीतून दस्त काढतात. कागदावर जमीन विकलेली, प्रत्यक्षात व्याजाने घेतलेल्या पैशांचं तारण. 2014 च्या सावकारी कायद्याने अशी जमीन परत द्यायचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना दिलाय, पण व्यवहार सावकारीचा होता हे दाखवावं लागतं. मी दस्त बाजूला ठेवतो आणि विचारतो, "काका, पहिल्यांदा हातात किती पडले?" बहुतेकांना रुपयासकट आठवतं. व्याज किती दिलं, त्याचा कागद मात्र क्वचितच कोणाकडे असतो.