बॉक्सस्टर घेताना थोडक्यात वाचलो

इथे इंग्लंडात जुनी पोर्शे बऱ्यापैकी स्वस्तात मिळते म्हणून 2003 ची बॉक्सस्टर एस बघत होतो. पहिली एका साध्या युज्ड कारवाल्याकडे, चकचकीत पॉलिश, नवे मॅट, आणि आयएमएस बेअरिंगचं (इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टला आधार देणारं बेअरिंग) विचारलं तर पठ्ठ्या माझ्याच तोंडाकडे बघत बसला! म्हटलं चला, निघा इथून.

मग फक्त पोर्शेच विकणाऱ्या एका छोट्या डीलरकडे गेलो. किंमत जास्तच होती, खोटं कशाला बोलू. पण त्या आजोबांनी आधी बिलांची फाइल काढली, क्लच बदलताना बेअरिंगपण बदललेलं. ते बसतं फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या टोकाचं जड चाक) मागे, गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, म्हणून क्लचच्या कामातच उरकायचं म्हणजे मजुरी वाचते, नाहीतर एवढंसं बेअरिंग फुटलं की अख्खं इंजिन जातं. 2006 ते 2008 च्या गाड्यांत बेअरिंग मोठं आहे पण इंजिन उघडल्याशिवाय निघतच नाही, आणि 2009 पासूनच्या इंजिनात ती भानगडच नाही, हे सगळं आजोबांनी चहा पिता पिता सांगितलं.

मग माझ्यासमोर ऑइल फिल्टर कापला, कागदाच्या घड्या उलगडून दिव्याखाली धरल्या, वरून चुंबक फिरवलं. लोखंडाचा कण नाही, म्हणजे बेअरिंग झिजल्याची खूण नाही.

घेतली. बायको अजून विचारते सामान कुठे ठेवायचं, पुढे एक डिकी मागे एक डिकी दाखवली तरी पटत नाही तिला.