हलगी, पावसाळा : कातडं गेलं, घुमकं हातात आलं

शेवटी माझी हलगी, लोखंडी कड्यावर कातडं ताणलेलं ते डफासारखं वाद्य, फाटलीच. चैत्रात जोतिबाच्या यात्रेत सासनकाठ्यांपुढची (देवाच्या मानाच्या उंच काठ्या) हलगी ऐकून जी घेतली होती, तीच. रविवारी पाचटाच्या जाळावर धरली आणि कड्यालगत बोटभर चीर गेली. सुपारी फुटावी तसा आवाज झाला.

कारण नीट लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाची तरी वाचेल. शेळीचं कातडं हवेतली ओल पितं, सैल पडतं आणि कडक वाजणारी हलगी भद्द बोलायला लागते. इथं कोल्हापूरच्या पावसात तर घरात टांगून ठेवली तरी सकाळपर्यंत मऊ. नाशिकला ताशा वाजवायचो तेव्हा पाना घेऊन नट आवळले की विषय संपायचा. हलगीला नट नाही की दोरी नाही. ताण आणायचा तो शेकूनच. म्हणून मी जाळावर धरून बसायचो, जास्त वेळ, एका जागी, आणि बोटानं फक्त मधोमध टिचकी मारून बघायचो.

फाटलेली हलगी घेऊन तालमीत गेलो. तिथे हलगी वाजवणाऱ्या मामांनी कातड्याकडे बघितलंच नाही. दुसरी हलगी माझ्यासमोर शेकली आणि माझा अंगठा धरून लोखंडी कड्यावर टेकवला. चटका बसला.

"कातडं न्हाई जळत आधी, कडं तापतंय. जाळ न्हाई लागत हो, ऊब लागती."

पाच महिने मला हे कळलं नव्हतं! लोखंड तापून उष्णता धरून ठेवतं, त्यावरचं कातडं सुकून ठिसूळ होतं, आणि मधला भाग आकसून ओढायला लागला की चीर तिथेच जाते. मामा हलगी जाळावर थांबवतच नाहीत. चाळणीसारखी फिरवत राहतात, मधे मधे बाजूला घेऊन पाठीमागून तळहात लावतात, आणि टिचकी मारतात ती कडेच्या चारी बाजूंना. चारीकडून एकच आवाज आला की थांबायचं. पाचटाऐवजी रद्दी वापरतात, कारण तिचा जाळ पटकन बसतो. त्यांची हलगी दोन मिनिटांत खणखणीत झाली.

कातड्याऐवजी बसवायच्या फायबरच्या पानाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. एक आणून वाजवलं. पावसाचं काही होत नाही हे खरं, पण आवाजाला दाणा नाही आणि डाव्या हातातली बारीक काडी नाचत नाही. घरी सरावाला चालेल, सासनकाठीपुढे नको.

आता चांगली बातमी. हलगी नाही म्हणून रिकाम्या हातानं बसलो होतो, तर मामांनी घुमकं, म्हणजे हलगीच्या जोडीनं ठेका धरणारं वाद्य, पुढे सरकवलं. ठेका साधा वाटतो, पण हलगीवाला सुटला की त्याच्यामागे न धावता जागेवर राहायचं, हे फार अवघड आहे. अर्धा तास टिकलो. कैताळ (झांज) वाजवणाऱ्या पोरानं एकदा माझ्याकडे बघून मान हलवली, आणि या शहरात आल्यापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं. खासबागेच्या कुस्ती मैदानात कुस्ती रंगात आली की हलगी का चढते आणि तरी का विस्कटत नाही, ते त्या अर्ध्या तासात खालून ऐकू आलं.

गणपतीच्या आत नवी हलगी घ्यायची, असं लिहायला बसलो होतो. आता लिहिता लिहिता वाटतंय, घाई कशाला? दसऱ्यापर्यंत घुमकंच धरतो. जुनं कडं चांगलं आहे, ऑक्टोबरच्या उन्हात त्यावरच नवं कातडं चढवून घेतो. आणि त्याच सुमारास पट्टणकोडोलीला बिरदेवाची यात्रा असते. भंडाऱ्याची उधळण आणि धनगरी ढोल. त्या ढोलांची कातडी पावसाळाभर कशी सांभाळतात, हे तिथल्या ढोलकऱ्यांनाच विचारायचं. मामांना आताच फोन करतो, कोण कोण येतंय ते बघायला.