तुम्ही विचारलंत म्हणून : एम.एस.मध्ये (बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात) काय घ्यावं?

बारावीचे निकाल लागले की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आणि रावपुऱ्यातल्या ओळखीच्या घरांतून मला फोन येऊ लागतात. प्रश्न ठरलेला असतो : "काकू, तुम्ही इतकी वर्षं युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात होतात, तर सांगा, हिला एम.एस.मध्ये काय घ्यायला लावू?" आणि मग, आवाज जरा खाली आणून, "सायन्स-कॉमर्स सोडून बाकीच्यात काही राम आहे का?" फोनवर तुटक उत्तरे देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेले बरे.

राम आहे. मात्र तो कोर्सच्या नावात शोधू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते, ती म्हणजे पुस्तकाची शाखा आणि ते मागणाऱ्याची शाखा यांचा मेळ बसतोच असे नाही. शिल्पकलेचा विद्यार्थी धातुशास्त्राचे पुस्तक मागतो, समाजकार्याची मुलगी कायद्याचे, आणि उत्खननात सापडलेले जळके धान्य ओळखायचे असले की पुरातत्त्वाचे विद्यार्थी वनस्पतिशास्त्राच्या कपाटापुढे तासन्‌तास उभे राहतात. घरी आपण ज्या भिंती धरून चालतो, त्या तेथे फारशा नसतात.

बडोद्यात हे घडते याला इतिहासही कारण आहे. बडोदा कॉलेज 1881 चे, मौलाबक्षांची संगीतशाळा 1886 ची आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले कलाभवन 1890 चे. सयाजीरावांच्या काळात वेगवेगळ्या गरजांसाठी निघालेल्या या संस्था 1949 मध्ये विद्यापीठ झाले तेव्हा एका छपराखाली आल्या, आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता झाल्या. पुढच्याच वर्षी ललितकलांची फॅकल्टी निघाली आणि इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे तेथे शिकवायला आले. इतर विद्यापीठांच्या शेकडो संलग्न महाविद्यालयांत जे विषय विखुरलेले असतात, ते येथे बहुतांशी सायकलने जाण्याच्या अंतरावर आहेत. (कलाभवन म्हणजे निव्वळ इंजिनियरिंग, असे समजणाऱ्यांना दादासाहेब फाळके तेथे शिकले होते याची आठवण मी आवर्जून करून देते.)

आता पदवीची रचना पाहू, कारण पालक नेमके तेच पाहत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जो आराखडा दिला आहे, त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट आहेत, आणि त्यांपैकी मुख्य विषयाचे किमान 60. म्हणजे ज्या नावावरून घरात आठवडाभर वाद चालतो, तो विषय पदवीचा साधारण निम्मा भाग व्यापतो. दुय्यम विषयाला 24 क्रेडिट असतात. उरलेली जागा आंतरशाखीय विषय, भाषा, कौशल्ये आणि इंटर्नशिप यांना जाते. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात 15 तासांची व्याख्याने किंवा 30 तासांचे प्रात्यक्षिक. हा हिशेब मनात ठेवून अभ्यासक्रमाचा कागद वाचला, तर चार क्रेडिटचा पेपर म्हणजे वर्गातले साठ तास हे लगेच दिसते, आणि मुलीला साठ तास ऐकत बसणे आवडेल की त्यातला काही वेळ हाताने काम करणे, हा प्रश्न घरातल्या घरात सुटू शकतो.

सायन्समध्ये गुण बेताचे असले की घरचे हिरमुसतात, आणि रसायनशास्त्र मिळाले नाही तर वर्ष वाया गेल्यासारखे बोलतात. त्यांना मी भूगर्भशास्त्राकडे बोट दाखवते. खंभात आणि अंकलेश्वरला तेल सापडले, शहराजवळच्या कोयलीला 1965 मध्ये रिफायनरी सुरू झाली, मकरपुऱ्याला ओएनजीसीचा एवढा मोठा पसारा आहे. दगड, थर आणि जीवाश्म वाचणारा माणूस या शहराला परका नाही. ज्या मुलाला बाकावर बसून कंटाळा येतो आणि उन्हातान्हात हिंडायला आवडते, त्याला फील्डवर्क असलेला हा विषय रसायनशास्त्रापेक्षा जास्त मानवेल, असे माझे मत आहे.

"पण एकदा घेतलेला विषय बदलता येत नाही ना?" असे कोणी म्हटले की मी वेंकटरामन रामकृष्णन यांचे नाव घेते. वडील येथल्या जीवरसायनशास्त्र विभागात; मुलाने 1971 मध्ये येथूनच भौतिकशास्त्रात बी.एस्‌सी. केले, अमेरिकेत भौतिकशास्त्रातच पीएच.डी. मिळवली, आणि त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकायला घेतले. नोबेल मिळाले ते 2009 मध्ये, रसायनशास्त्राचे. प्रत्येकाचे असे होत नाही, हे मलाही कळते. पण विषय बदलल्याने आयुष्य बुडते ही भीती तेवढी खरी नाही.

माझ्या स्वतःच्या विषयाबद्दल, म्हणजे ग्रंथालयशास्त्राबद्दल, लिहिताना थोडा पक्षपात होणारच. अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना सयाजीरावांनी 1910 मध्ये बोलावून घेतले आणि दुसऱ्याच वर्षी बडोद्यात ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू झाला. भारतात या कामाचे पद्धतशीर शिक्षण येथून सुरू झाले. असे असूनही आपल्या मराठी घरांत कोणी हा कोर्स सुचवत नाही. फाइन आर्ट्समधल्या संग्रहालयशास्त्राचेही तेच. या विभागांत जागा थोड्या असतात, शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखतात, आणि कॉमर्सच्या गर्दीत जे मूल हरवून जाईल ते येथे सावरते.

मराठीविषयी वेगळे लिहायला हवे. कला शाखेत मराठीचा स्वतंत्र विभाग आहे हे बडोद्याच्या कितीतरी मराठी कुटुंबांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी "मराठी घेऊन काय करणार?" असे म्हणून विषय संपवला जातो. ज्याला इतिहासात काम करायचे आहे, त्याने मराठी आणि मोडी यांना हात लावल्याशिवाय गायकवाडी दप्तरात (बडोदा संस्थानाच्या जुन्या कागदपत्रांत) पाऊल टाकू नये, असे मी स्पष्टच सांगते. मुख्य विषय इतिहास आणि जोडीला मराठी मिळत असेल, तर ती जोडी या शहरात पुण्याइतकीच कामाची आहे.

येथे शिकवण्याचे माध्यम इंग्रजी आहे, आणि गुजराती माध्यमातून आलेल्या मुलांची पहिल्या सत्रात दमछाक होते. त्यामुळे सुट्टीतच निवडलेल्या विषयाचे एखादे सोपे इंग्रजी पाठ्यपुस्तक रोज दहा पाने वाचायला लावावे. गुजरातमधल्या सरकारी विद्यापीठांसाठी आता जीकॅस या प्रवेश-पोर्टलचा एकच सामायिक ऑनलाइन अर्ज असतो, आणि त्यातला पसंतीक्रम अनेकदा सायबर कॅफेत बसून मामाच भरतो. तसे करू नका. फाइन आर्ट्सची प्रवेशपरीक्षा वेगळी असते, तिची तारीख आधी पाहा. अर्ज भरण्यापूर्वी मुलीला घेऊन एका कामाच्या दिवशी विभागात जा, तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि मागच्या सत्रात त्याने कोणकोणते पेपर दिले, ते विचारा. बोलणे तिलाच करू द्या. तुम्ही बाहेर ओट्यावर थांबा.