दोन तुकड्यांचं पाचट

उसाच्या खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, पाचट (उसाची वाळकी पानं) न जाळता ठेवायचं माझं हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षीची फजिती आधी सांगतो.

केज तालुक्यात आमचा दोन एकर ऊस. एक एकर विहिरीजवळ काळ्या रानात, दुसरा वर माळाला, मुरमाड. ऊस तुटला की काडी लावायची, ही घरची रीत. त्या वर्षी मी लावली नाही. तात्या बांधावरून म्हणाले, "पेटवून दे की! उंदरं पाळतूस का?" बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट सरीत दाबलं, पाणी सोडलं आणि सुटलो म्हणालो. महिनाभरात खोडवा पिवळा पडला.

कृषी सहायकांनी हिशेब मांडला. पाचटात कर्ब (कार्बन) भरमसाट, नत्र (नायट्रोजन) जेमतेम अर्धा टक्का. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र पुरलं नाही की ते जमिनीतलं उचलतात आणि ऊस उपाशी राहतो. म्हणून हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारे जिवाणू. म्हणजे एकरी 32, 40 आणि 4.

दुसऱ्या वर्षी दोन्ही तुकड्यांना सगळं मोजून टाकलं. जूनमध्ये विहिरीजवळचं पाचट उचललं तर काळं, ओलसर, मुठीत चुरा होणारं. माळावरचं पान अजून पिवळंधमक. ओढलं तर सुतळीसारखं चिवट, वर माझंच बोट कापलं. जिवाणू तर एकाच पिशवीतले!

माळाला ओल टिकत नाही आणि ओलीशिवाय जिवाणूही सुस्त, हे खरं. पण मूळ पानातही फरक होता. उसाचं पान, गवतच ते, वाळायच्या आधी त्यातलं बरंचसं नत्र, स्फुरद (फॉस्फरस) माघारी कांडीकडं जातं. हलक्या रानात पानाला मुळात मिळतं कमी आणि जाताना झाड त्यातलंही ओरबाडून घेतं. खाली पडतो तो नुसता चोथा.

मला खरं पटलं ते एका कोपऱ्यामुळं. ऊस तुटायच्या आधी, दिवाळीत मोटर जळाली आणि माळावरचा तेवढा कोपरा हिरवाच करपला. तिथलं पाचट शेजारच्यापेक्षा लवकर कुजलं. पानाला नत्र माघारी धाडायला वेळच मिळाला नव्हता. नुकसान झालं ते झालं, पण गंमत कळली.

तेव्हापासून माळावरच्या उभ्या उसाला शेणखत वाढवलं, युरिया एकदम न देता हप्त्यांनी दिला, पाण्याची पाळी दोन दिवस अलीकडं आणली. यंदाचं तिथलं पाचट हाताला मऊ लागतंय. विहिरीजवळच्याइतकं नाही, आणि एवढ्यात होणारही नाही.

यंदा तात्यांनीही पाचट पेटवलं नाही. युरिया मात्र टाकला नाही म्हणे.